ज्या गावच्या बोरी

वारकऱ्यासमोर 'वाळवंट' हा शब्द उच्चारा. त्याच्या डोळ्यांसमोर चंद्रभागेचे पात्र उभे राहील. नदीकाठची वाळू, तीवर उभे राहिलेले कीर्तन, दिंड्यांची गर्दी असा या शब्दाचा मराठीतील जुना परिवार आहे. पुढे भूगोलाच्या पुस्तकांना सहारा, थर आणि गोबी यांच्यासाठी शब्द हवा झाला. 'मरुभूमी' हा संस्कृत शब्द हाताशी होता, पण तो शाळेच्या फळ्यावरच राहिला आणि नदीकाठचा ओळखीचा शब्द हजारो मैलांच्या प्रदेशांना लावला गेला. शब्दार्थविचाराच्या घटकात तुम्ही अर्थविस्तार शिकला असाल, तर हे उदाहरण तेथे लिहून ठेवा. मात्र शब्द नव्या घरी जाताना जुन्या घरचे सामान बरोबर नेतो, हेही त्या उदाहरणाखाली लिहा. नदीच्या वाळवंटात काही रुजत नाही, कारण दर पावसाळ्यात पूर येऊन ते धुऊन नेतो. म्हणून थरच्या वाळवंटातही काही रुजत नसणार, अशी आपली भाषेनेच घडवलेली समजूत असते. वाळूचे उभार आणि त्यांवरून जाणारी उंटांची रांग हे दिनदर्शिकेवरचे चित्र ती समजूत पक्की करते.

जोधपूरहून पोकरणमार्गे जैसलमेरला जाणारा रस्ता ही समजूत पहिल्या तासाभरात मोडतो. खिडकीबाहेर हिरवे दिसत राहते. हे हिरवे कोकणातले नव्हे. धुळकट, तुटक, बोटांना नकोसे वाटणारे हिरवे. पण ते सलग आहे आणि त्यातील बहुतेक काटेरी आहे. माझा विषय भाषाविज्ञान. बोलींच्या नमुन्यांसाठी मी त्या भागात काही वेळा हिंडलो आणि हळूहळू वहीत क्रियापदांच्या रूपांपेक्षा काटेरी झाडाझुडपांची नावेच अधिक जमा होऊ लागली. या निबंधात त्या वहीतील काही पाने तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक साधा प्रश्न. ही झाडी रस्त्याच्या कडेलाच एवढी दाट का? कारण डांबर पाणी पीत नाही. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला रस्त्यावर पडलेला प्रत्येक थेंब दोन्ही कडांना निथळतो, आणि त्या अरुंद पट्ट्याला शेजारच्या जमिनीहून अधिक ओल मिळते. रस्ता बांधताना कडेची माती उकरलेली असते. अशा उघड्या मातीत उपद्व्यापी बियांना आयतीच जागा सापडते. शेळ्यामेंढ्यांचे कळप याच कडेने चालतात, त्यांच्या लेंड्यांतून शेंगांच्या बिया पडतात. लोकरीला चिकटलेली बोंडे पुढच्या गावी उतरतात. शिवाय रस्त्यावर वाळू चढू नये म्हणून वनखात्याने मुद्दाम लावलेले पट्टेही आहेतच. वाळवंटातील रस्ता म्हणजे अशा रीतीने एक लांबट, चिंचोळे पाणलोट क्षेत्र होय.

आणि काटे का? याचे उत्तर हिशेबाचे आहे. जेथे पाणी मुबलक, तेथे गाईने पाला ओरबाडला तरी झाड महिन्याभरात नवी पालवी धरते. जेथे एकेका पानासाठी मुळांना खोल जाऊन पाणी आणावे लागते, तेथे पान गमावणे परवडत नाही. तेव्हा पान बारीक करायचे, शक्य तर टाकूनच द्यायचे आणि उरलेल्यावर पहारा बसवायचा. वनस्पतिशास्त्र या पहारेकऱ्यांत भेद करते. फांदीचेच रूपांतर होऊन बनलेला काटा वेगळा, पानाच्या तळाशी असलेल्या उपपर्णांचा वेगळा आणि सालीवर उगवून आलेला वेगळा. मराठीने हा शास्त्रीय भेद केला नाही, तिने तळपायाला जाणवणारे भेद केले. बाभळीचा तो काटा, गव्हाचे ते कुसळ, जमिनीवर पसरून चपलेत रुतणारा तो सराटा. तोडून टाकलेली काटेरी फांदी म्हणजे काटी, आणि अशा काट्या रचून केलेले कुंपण म्हणजे वई. काटा पायात 'मोडतो', अंगावर 'येतो', वाटेतून 'काढला' जातो आणि तराजूला 'लागतो'. संस्कृत 'कंटक' प्राकृतातून येताना मराठीत 'काटा' झाला, राजस्थानी व हिंदीत 'कांटा' राहिला. नासिक्य उच्चार आपण गाळला, रुतणे दोघांनीही जपले.

आता झाडांकडे वळू.

रस्त्याकडेला हिवाळ्यात गुडघाभर उंचीचे एक झुडूप दिसते. त्याच्या शेंड्यांवर चेंडूसारखे गोल, फिकट निळसर-पांढरे फुलोरे असतात आणि त्या चेंडूंनाही काटे असतात. उंट ते आवडीने खातो. संस्कृतात त्याला उष्ट्रकंटक म्हणतात, मारवाडात ऊंटकंटाळो आणि आपल्याकडे उटकटारी. महाराष्ट्राच्या माळांवर ते सर्रास उगवते. सोलापूरकडच्या किंवा मराठवाड्यातल्या ज्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर कधी उंट पाहिला नाही, त्याच्या तोंडी उंटाचे हे नाव पिढ्यान्‌पिढ्या आहे. विदर्भ-खानदेशात कच्छकडचे रबारी आपले उंट घेऊन उतरतात, तेव्हा तेथील उटकटारीची आणि तिच्या नावातल्या प्राण्याची गाठ पडत असेल, एवढेच.

दुसरे झुडूप केर. याला पाने जवळजवळ नसतातच. हिरव्या काड्यांचा एक गुंता आणि पेरापेराला काट्यांची जोडी. पानांनी करायचे काम ह्या हिरव्या काड्याच करतात. अन्न त्यांतच तयार होते. संस्कृतातील करीर तो हाच. भर्तृहरीच्या नीतिशतकात करीराला पान फुटत नाही याचा दाखला नशिबाच्या संदर्भात येतो. वसंत येऊनही ज्याच्या वाट्याला पालवी नाही, असा हा अभागी. थरमध्ये वसंतात केर पाहिलेल्या माणसाला हा दाखला पटणे कठीण आहे. त्या दिवसांत याच उघड्या काड्यांवर विटकरी लाल फुले येतात आणि पुढे वाटाण्याएवढी हिरवी फळे धरतात. ती फळे खाऱ्या पाण्यात मुरवून, वाळवून वर्षभर भाजीसाठी ठेवली जातात. पिकून लाल झालेल्या फळाला वेगळे नाव आहे, ढालू. पान नसणे ही येथे अवकृपा मानता येत नाही. ती या झुडपाची जगण्याची रीत आहे. हा दाखला ज्या कवीने दिला, त्याने केराकडे पाण्याने समृद्ध प्रदेशातून पाहिले असावे, असे माझे मत. केर आपल्याकडेही आहे. आपण त्याला नेपती म्हणतो. नगर शहराजवळ नेप्ती नावाचे गाव आहे. ग्रामनामांच्या अभ्यासाची आवड असणाऱ्याने तेथून सुरुवात करावी.

तिसरी बोरडी, म्हणजे आपली बोराटी. हिच्या काट्यांची जोडी मोठी धूर्त असते, एक काटा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला. सरळ काटा टोचला म्हणून हात मागे घ्यावा, तर वाकडा धरून ठेवतो. मारवाडी शेतकरी पावसाळ्यानंतर ही झुडपे छाटतो, उन्हात वाळवतो, झोडपून पाने वेगळी करतो आणि उरलेल्या काट्यांची वई शेताभोवती रचतो. वेगळ्या झालेल्या पानांना तो 'पालो' म्हणतो. 'पल्लव' या शब्दापासून आलेला आपला 'पाला' तो हाच. फरक इतकाच की, आपला पाला कोणत्याही झाडाचा असतो, तर त्याचा पालो बोलताना बहुधा बोरडीचाच. दुष्काळात तो पोत्यांनी विकला जातो.

गवतातही काटे असतात. भुरट नावाचे एक गवत वाळूवर उगवते, त्याची बोंडे धोतराच्या काठापासून शेळीच्या ओठापर्यंत कोठेही चिकटतात. एरवी लोक त्याला शिव्या देतात. पण जुन्या दुष्काळांत याच बोंडांतले बारीक दाणे काढून, दळून त्यांची भाकरी केली जात असे. शिवी आणि भाकरी एकाच शब्दात नांदू शकतात, हे मला त्या गवताने शिकवले. सत्यानाशी हे नाव मात्र निव्वळ शिवीचे आहे. पिवळ्या फुलांचे, पांढऱ्या शिरांच्या काटेरी पानांचे हे रोप आपल्याकडे पिवळा धोत्रा म्हणून ओळखले जाते. ते मूळचे मेक्सिकोचे आहे. त्याचे बी मोहरीसारखे दिसते आणि मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची मोठी साथ आली होती. नावाने ज्याची आगाऊ सूचना दिली होती, ती तेलाच्या बाजारात कोणी ऐकली नाही.

देचूच्या पुढे रस्त्याच्या कडेला मेंढ्या चारणारे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांचा नातू मला भेटले. नातू शहरात मालमोटारीवर काम करतो, सुट्टीला आला होता. आजोबांना मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. पाहुण्याने झुडपांची नावे विचारावीत याचे त्यांना हसू आले, पण मग त्यांनी उत्साहाने काठीने एकेक दाखवायला सुरुवात केली. राजस्थानीत 'ळ' आहे, हिंदीत तो नाही. त्या माणसाच्या बोलण्यात तो ठसठशीत 'ळ' ऐकताना मराठी कानाला माहेरी आल्यासारखे वाटते. काठी फिरता फिरता एका मोठ्या झाडावर थांबली आणि त्यांचा आवाज बदलला. ते झाड होते खेजडी.

खेजडी म्हणजे आपली शमी. मराठवाड्यात आणि इतरत्र तिला सौंदड असेही म्हणतात. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे लपविली ती शमीच्या झाडावर, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे, आणि दसऱ्याला तिची पूजा होते हेही. आपल्यापैकी बहुतेकांची शमीशी ओळख तेथेच संपते. मारवाडात तिची ओळख वर्षभराची आहे. ती मोजायची असेल तर झाडाच्या अवयवांची नावे मोजावीत. फुलोऱ्याला मींझर, पानांना लूंग, कोवळ्या शेंगेला सांगरी आणि झाडावरच पिकून वाळलेल्या शेंगेला खोखा. एका झाडाला चार अवस्थांची चार स्वतंत्र नावे. आपण आंब्याला मोहोर, कैरी, पाड, आंबा अशी नावे देतो तसेच हे आहे. भाषेत एखाद्या वस्तूच्या अवस्थांना वेगवेगळी नावे असली की, त्या अवस्थांवर घर चालत असते असे समजावे. हिवाळ्यात झाड छाटून लूंग जनावरांना घालतात. सांगरी वाळवून केर, कुमटाच्या बिया यांच्यासह तिची भाजी होते. आज ती महागड्या हॉटेलांच्या ताटात मिरवते, पण मूळची ती ज्या काळात हिरवी भाजी दिसत नाही त्या काळाची सोय आहे. खोखा मुले नुसता चघळतात. खेजडीची मुळे खोल जातात आणि तिच्याखालची माती सुपीक राहते, म्हणून तिच्या सावलीत बाजरी चांगली येते. शेतकरी नांगरताना तिला वळसा घालतो, तोडत नाही.

न तोडण्याची ही रीत कोठवर गेली, हे सांगणारे एक गाव जोधपूरजवळ आहे. त्याचे नावच खेजडली. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या वाड्याच्या बांधकामासाठी लाकूड हवे होते आणि राजाची माणसे खेजडी तोडायला या गावात आली. गाव बिश्नोईंचे. गुरू जांभोजींनी घालून दिलेल्या एकोणतीस नियमांत हिरवे झाड न तोडणे हा एक नियम आहे. अमृतादेवी या स्त्रीने झाडाला मिठी मारली आणि तिच्यामागून तिच्या मुलींनी व गावोगावच्या बिश्नोईंनी. ३६३ जणांचे प्राण गेले. इतिहासाच्या पुस्तकांत याला पर्यावरणरक्षणाची चळवळ म्हणतात. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक विचारात पाडते. राजाच्या माणसांच्या लेखी ते लाकूड होते, आणि त्या बाईच्या लेखी त्याची मींझर, लूंग, सांगरी, खोखा अशी नावे होती.

१९८३ मध्ये खेजडीला राजस्थानचा राज्यवृक्ष म्हणून मान मिळाला. त्यापूर्वी, १९४० मध्ये, याच जोधपूर संस्थानाने दुसऱ्या एका काटेरी झाडाला 'शाही वृक्ष' ठरविले होते. तुम्ही या रस्त्यावर गेलात तर जे हिरवे सर्वांत अधिक दिसेल ते या दुसऱ्या झाडाचे. विलायती बाभूळ तिचे नाव. मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेकडची. १८७७ च्या सुमारास तिचे बी भारतात आले. वाळू थोपविणे, जळण पुरविणे ही तिच्याकडून अपेक्षा होती आणि तिने ती पुरीही केली. कोठेही उगवते, छाटली की दुप्पट फुटते, गुरे तिच्या शेंगा खातात आणि बिया शेणातून सगळीकडे पेरतात; पाने मात्र गुरे खात नाहीत, त्यामुळे ती कधी कमी होत नाही. तिच्याखाली दुसरे गवत फारसे वाढत नाही. वनस्पतिशास्त्रात ही आणि खेजडी दीर्घकाळ 'प्रोसोपिस' या एकाच कुलनामाखाली नांदल्या. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वंशाची फेरमांडणी केली. खेजडी प्रोसोपिस राहिली आणि विलायती बाभूळ 'नेल्टुमा' झाली. रस्त्यावरून ओळखायची असेल तर काटे पाहावेत. विलायतीचे काटे पेरांवर, जेथून पान फुटते तेथे असतात; खेजडीचे लहान काटे दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात.

या परक्या झाडाला भारतीय भाषांनी जी नावे दिली, ती एकत्र मांडली की एक वेगळाच इतिहास वाचायला मिळतो. राजस्थानी-हिंदीत ती विलायती किंवा अंग्रेजी बबूल. तमिळमध्ये 'सीमै करुवेलम', म्हणजे परदेशची बाभूळ. तिचे दुसरे तमिळ नाव 'वेलिकात्तान', कुंपण राखणारी. तेलुगूत ती 'सर्कार तुम्मा', सरकारची बाभूळ. कन्नडमध्ये 'बळ्ळारी जाली', कारण कन्नड माणसाला ती बळ्ळारीकडून आली असे दिसले. कच्छीत आणि गुजरातीत 'गांडो बावळ', वेडी बाभूळ. मराठीतही आपण वेडी बाभूळ म्हणतो. कोणी तिला देशाचे नाव दिले, कोणी सरकारचे, कोणी शेजारच्या जिल्ह्याचे. कोणी कामाचे नाव दिले आणि कोणी स्वभावाचे. कोणत्याही भाषेने तिला आपले साधे, विशेषणरहित नाव दिले नाही, निदान आरंभी तरी. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ मध्ये वनखात्याने रण पुढे सरकू नये म्हणून तिची लागवड केली आणि ती गवतावर पसरत गेली. बन्नीचे मालधारी म्हशी पाळणारे लोक. गवत गेले की त्यांचे दूध जाते. तरीही तिला केवळ दूषण देणे योग्य होणार नाही. बन्नीतील आणि मारवाडातील हजारो घरांची चूल तिच्यावर पेटते, आणि ज्यांच्याकडे ना जमीन ना गुरे, ते तिचा कोळसा पाडून पोट भरतात. 'वेडी' या नावात राग आहे तसा घरातल्या व्रात्य माणसाविषयी असतो तो नाइलाजही आहे.

देचूजवळच्या त्या आजोबांकडे पुन्हा येतो. काठीने एक झुडूप दाखवून त्यांनी 'विलायती बावळियो' म्हटले आणि लांबवरचे एक जुने झाड दाखवून 'बावळियो'. नातवाने ते ऐकले आणि सहज दुरुस्ती केली. त्याच्या बोलण्यात जवळचे झुडूप नुसते 'बावळियो' होते आणि लांबचे जुने झाड 'देशी बावळियो'. आजोबांच्या भाषेत विशेषण परक्याला लागत होते. नातवाच्या भाषेत ते घरच्याला लागले होते. भाषाविज्ञानात याला चिन्हितता बदलणे म्हणतात. जे सर्वत्र असते त्याला साधे नाव मिळते; जे क्वचित दिसते त्याला ओळख पटवायला विशेषण लावावे लागते. आपल्याकडे पूर्वी कोंबडी ही कोंबडीच होती. पिंजऱ्यातली कोंबडी आली, तिने ते नाव घेतले आणि अंगणातली कोंबडी 'गावरान' झाली. अंडी, तूप, टोमॅटो यांचेही तेच. 'ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी' ही म्हण आपण एकमेकांची पुरती ओळख असणाऱ्यांबद्दल वापरतो. तिच्यातली बाभूळ कोणती, हे आता मुलांना सांगावे लागेल.

'गावरान' या शब्दात जे 'रान' आहे, त्याच्याकडे थोडे थांबून पाहू, कारण या सगळ्या काटेरी विषयाचे मूळ तेथे आहे. 'रान' हा 'अरण्य' या संस्कृत शब्दाचा मराठी वंशज. राजस्थानात त्याच घराण्यातला एक शब्द आहे, ओरण. गावाने देवाच्या नावाने राखून ठेवलेली जमीन म्हणजे ओरण. तेथे कुऱ्हाड चालत नाही, गुरे मात्र चरू शकतात. ओरणात जाऊन पाहिले तर काय दिसते? केर, बोरडी, खेजडी, कुमट, भुरट. वर सांगितलेली सगळी काटेरी मंडळी. जैसलमेर जिल्ह्यातील देगरायचे ओरण प्रसिद्ध आहे. या झुडपांची बोरे आणि केराची फळे गोडावण पक्षी खातो. गोडावण म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य राखले गेले. देशात माळढोक आता अगदी थोडे उरले आहेत आणि जे आहेत ते मुख्यतः या जैसलमेरच्या काटेरी माळांवर.

गावकऱ्याला जे ओरण, ते महसुली दप्तरात अनेक ठिकाणी तसे नोंदलेलेच नाही. तेथे त्याच जमिनीसाठी 'पडीक' या अर्थाचे शब्द आहेत. पडीक जमीन सरकारला कोणालाही देता येते. गेल्या काही वर्षांत पश्चिम राजस्थानात मोठमोठे सौरऊर्जा प्रकल्प उभे राहिले. सूर्यापासून वीज करणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्या वाटेत ओरणे आली, खेजडीची झाडे आली, आणि बिकानेरकडे खेजडी वाचविण्यासाठी लोक आंदोलनाला बसले. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला सांगितले की, ओरणांसारख्या पवित्र वनांची प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहाच्या साह्याने पाहणी करावी, त्यांच्या सीमा आखाव्यात आणि त्यांची नोंद वन म्हणून करावी. भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहाल तर खटल्याच्या मुळाशी एका नामाचा प्रश्न होता. काट्यांच्या त्या पट्ट्याला अरण्याचे नाव द्यायचे की पडीकपणाचे?

हे राजस्थानपुरते आहे असे वाटून तुम्ही पान उलटू नये, म्हणून घरचे एक-दोन शब्द पुढे ठेवतो. गाईंच्या चराईसाठी गावाने राखलेली जमीन ती आपल्याकडे गायरान. त्यातही तेच 'रान' आहे. ओरण आणि गायरान एकाच शब्दाची दूरदूरची नातवंडे. आपल्या किती गायरानांवर आज गाय जाऊ शकते, ते तुम्ही तुमच्या गावात पाहू शकाल. दुसरा शब्द सातबाऱ्यावरचा. लागवडीस अयोग्य जमिनीचे क्षेत्र तेथे 'पोटखराबा' म्हणून वेगळे लिहिलेले असते. शेताच्या पोटातला खराब भाग, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्या घरच्या उताऱ्यावरही असा एक आकडा आहे. ओढ्याच्या काठाचा, खडकाळ, कोणी न नांगरलेला तुकडा. मारवाडच्या फेऱ्यांनंतर एका दिवाळीत मी वही घेऊन तेथे गेलो आणि बरोबर गावातल्या एका वयोवृद्ध चुलतीला नेले. ती काठी टेकत पुढे चालली आणि नावे सांगत गेली. बोराटी. नेपती. हिवर. खैर. उटकटारी. सराटा. मी लिहीत गेलो. एका झुडपाशी ती थांबली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "हे आपल्याकडचं नव्हं. ही वेडी."